दुचाकी चोरीला गेली: क्लेम टाकायचा की सोडून द्यायचा?

मी साताऱ्यात विम्याची एजन्सी चालवते. दुकान पोवई नाक्याकडे. स्टँडजवळ गाडी लावून पुण्याला गेलेला माणूस रात्री परत येतो, गाडी जागेवर नसते, आणि दुसऱ्या दिवशी मी शटर वर करायच्या आत तो दारात उभा असतो. प्रश्न बहुतेकांचा एकच. "ताई, क्लेम टाकू का? बोनस जाईल ना?"

बोनस म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दल पुढच्या प्रीमियमवर मिळणारी सूट. त्याचं नंतर बघू. मी उलट विचारते, पोलिसांत जाऊन आलात का? "नाही, म्हटलं आधी तुम्हाला विचारावं" असं उत्तर आलं की चहासुद्धा न विचारता त्याला ठाण्यात पाठवते.

लोक दोन गोष्टी एकात मिसळतात. चोरी झाल्याचं कळवणं वेगळं आणि क्लेमचे पैसे घेणं वेगळं. पैसे घ्यायचे की नाही, हे ठरवायला पुढे आठवडे मिळतात. कळवायला मात्र आजचाच दिवस आहे. आणि कंपनीला नुसतं कळवल्याने बोनस जात नाही. गाडी सापडली किंवा तुमचं मन बदललं, तर पैसे न घेता क्लेम मागे घेता येतो. तो बंद केल्याचं कंपनीकडून लेखी घ्यायचं, एवढंच.

आधी पोलीस

त्याच्याही आधी एक फोन वाहतूक शाखेला करा. नो पार्किंगमधून गाडी उचलून नेली असेल तर दंड भरून ती तिथेच मिळेल. घरातल्या कुणी, शेजारच्या पुतण्याने नेली नाही ना, हेही विचारून घ्या. हसू नका, असं झालेलं आहे.

गाडी खरंच गेली असेल तर एफआयआर करायचाच, मग विमा असो वा नसो. बारा वर्षांची खटारा गेली, कशाला पोलिसांच्या नादी लागू, असं म्हणणारे भेटतात. पण चोरीची गाडी कधी कधी दुसऱ्या गुन्ह्यासाठी वापरतात. कुणाची तरी सोनसाखळी ओढली आणि कॅमेऱ्यात नंबर आला, तर आरसीवर नाव तुमचं आहे. क्लेमपेक्षा त्यासाठी एफआयआर लागतो.

१ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली नोंदवतात, आधी तो भादंवि ३७९ खाली होता. ठाण्यात कधी कधी "साधा अर्ज द्या, आठ दिवस बघू" असं सांगतात, किंवा ऑनलाइन 'गहाळ'ची नोंद करायला लावतात. त्या कागदावर विमा कंपनी एक रुपया देत नाही. गुन्हा रजिस्टर नंबर पडलेली एफआयआरची प्रतच लागते आणि ती फिर्यादीला मोफत मिळते. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर म्हणा. हद्द कुठलीही असली तरी फिर्याद घ्यावी लागते, नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते.

फिर्याद लिहून घेताना सावध असा, कारण पुढे क्लेमची माणसं त्यातला शब्द न् शब्द वाचतात. गाडी कुठे लावली, किती वाजता, हँडल लॉक केलं होतं का, नाही हे कळलं ते किती वाजता, चासी नंबर, इंजिन नंबर हे सगळं यायला हवं. आणि जे घडलं तेच सांगा. किल्ली गाडीलाच राहिली असेल तर तसंच सांगा. २०२३ मध्ये किल्ली आत राहिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्ण फेटाळू न देता ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. खरं बोलून पंचवीस टक्के जातील. खोटं उघडं पडलं तर सगळंच जातं.

त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवा, क्लेम नंबरचा एसएमएस जपून ठेवा. आरटीओला चोरीची नोंद घेण्याचा अर्ज द्या, पोच घ्या, म्हणजे गाडी कुणाच्या नावावर चढवणं अवघड होईल. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून घाबरून काही जण क्लेमच सोडून देतात. त्याची गरज नाही. एफआयआर तातडीने केलेला असेल, तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलंय. एफआयआरच उशिरा असेल तर मात्र बाजू लंगडी पडते.

आता पॉलिसी उघडा

इथे सगळ्यात जास्त माणसं गार पडतात. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा आहे. शोरूममध्ये मिळणाऱ्या पॉलिसीत बहुतेकदा थर्ड पार्टी पाच वर्षांची आणि ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, एकाच वर्षाची असते. पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात. माणूस मोठी तारीख बघतो आणि निवांत राहतो. चोरीचे पैसे ओन डॅमेजमधून मिळतात. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई, त्यात तुमच्या गाडीची चोरी येतच नाही. चोरीच्या दिवशी ओन डॅमेज चालू नसेल तर ठरवायला काही उरत नाही. एफआयआर करा, आरटीओला अर्ज द्या, विषय संपला.

मुदत चालू असेल तर नाव बघा. सेकंडहँड गाडी घेतली, आरसी नावावर झाली, पण पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावावर, हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार. गाडी विकल्यावर थर्ड पार्टी कव्हर आपोआप नव्या मालकाकडे जातं, ओन डॅमेज जात नाही. ते चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. तसं केलेलं नसेल तर क्लेम टाकून बघा, पण नव्या गाडीचा हप्ता त्या भरवशावर ठरवू नका.

मग येते आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. चोरीत मिळणारी रक्कम म्हणजे हीच, बाजारात गाडीला काय भाव होता ते कुणी विचारत नाही. गाडीच्या एक्स-शोरूम किमतीतून घसारा वजा करून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. पाच वर्षांच्या पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. ऐंशी हजारांची गाडी तिसऱ्या वर्षात गेली तर छप्पन्न हजार. त्यातून सक्तीची वजावट दुचाकीला फक्त शंभर रुपये. स्वेच्छेने जास्त वजावट घेऊन प्रीमियम कमी केला असेल तर ती रक्कमही जाते. ज्यांनी मोबाइलवर पॉलिसी घेताना दीडदोनशे वाचवायला आयडीव्ही खाली ओढलेली असते, त्यांचा चेहरा या टप्प्यावर बघवत नाही. रिटर्न टू इनव्हॉइस हे जादा कव्हर घेतलेलं असेल तर मात्र खरेदीच्या बिलाच्या जवळपास रक्कम येते.

आता बोनस काढू. समजा तीन वर्षं क्लेम नाही, म्हणून तुम्हाला ३५ टक्के मिळतोय आणि ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम हजार रुपये आहे. क्लेम घेतला नसता तर पुढे ४५ आणि मग दरवर्षी ५० टक्के मिळाला असता. घेतला तर शून्यावर येऊन पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढायचं. पाच वर्षांतला सगळा फरक जोडला तर १२० टक्के, म्हणजे बाराशे रुपये. नव्या गाडीचा प्रीमियम दुप्पट धरलात तरी चोवीसशे. एका बाजूला छप्पन्न हजार आणि दुसऱ्या बाजूला चोवीसशे, याच्यासाठी रात्रभर जागायचं काय कारण? बोनस फक्त ओन डॅमेजवर असतो, थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर नसतो, हे लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. गाडीच्या आरशाच्या क्लेमला बोनसचा विचार करावा. चोरीला नाही.

मग सोडून कधी द्यायचा?

गाडी जुनी, आयडीव्ही दहाबारा हजार, आणि तुम्ही रोजंदारीवर. तेव्हा हिशेब खेपांचा होतो. पोलीस ठाण्यात कागदासाठी, आरटीओत गाडीच्या हस्तांतराच्या फॉर्म २८, २९, ३० साठी, नोटरीकडे, कंपनीच्या माणसाला जबाब द्यायला. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस बुडतो. स्टँप पेपर, झेरॉक्स, पेट्रोल वेगळं. दिवसाची मजुरी गुणिले खेपा, आणि हातात येणारी रक्कम त्याच्या दुपटीच्या आत असेल, तर सोडून दिलात तरी मी वेड्यात काढणार नाही. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल आणि त्याच्याकडे वेळ असेल, तर त्याला लावा कामाला.

दुसरा अडथळा किल्लीचा. कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक कधीच हरवली असेल तर तसं लेखी द्या, हरवल्याची जुनी नोंद असली तर उत्तमच. नाक्यावरून नवी किल्ली बनवून 'ही बघा दुसरी' म्हणून द्यायची आयडिया प्रत्येकाला कुणीतरी देतंच. किल्ल्या तपासायला जातात. न वापरलेल्या, नुकत्याच कातलेल्या किल्लीचे दात ओळखू येतात, आणि मग हरवलेल्या किल्लीचा साधा प्रश्न फसवणुकीचा होऊन बसतो.

कर्ज चालू असेल तर सोडून द्यायचा पर्याय विसरा. गाडी गेली म्हणून हप्ता थांबत नाही, थांबवलात तर सिबिल बिघडतो. फायनान्स कंपनीला लगेच कळवा. क्लेमची रक्कम आधी त्यांच्याकडे जाते, बाकी फिटून उरेल ते तुमचं. रक्कम कमी पडली तर वरची भर तुमच्याच खिशातून, पण क्लेमच नसेल तर सगळंच खिशातून.

वाट बघण्याचा काळ

कंपनीला पोलिसांचा 'तपास लागत नाही' असा अखेरचा अहवाल लागतो. आपल्याकडे ठाण्यात त्याला 'अ समरी' म्हणतात: गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. याला महिने लागतात आणि बहुतेक क्लेम इथेच कुजतात. तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पोलिसांवर बंधनकारक आहे. तीन महिने झाले की हे कलम १९३ नमूद करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाणे अंमलदाराशी भांडू नका. अंमलदार बदलतो, शिक्का मारलेली पोच राहते.

मधल्या काळात ई-चलनाच्या साइटवर आपला नंबर टाकून बघत राहा. चोर हेल्मेट घालत नाही आणि सिग्नलही पाळत नाही. चोरीनंतरच्या तारखेचं चलन आलं तर ते भरू नका. फोटो आणि ठिकाण तपास अधिकाऱ्याला नेऊन द्या, आणि एफआयआर जोडून चलनावर हरकत घ्या.

या काळात नवी गाडी घेतलीत तर शोरूमवाला विचारेल, जुना बोनस आहे का? क्लेम चालू असताना 'आहे' म्हणून सही करू नका. पुढे नव्या गाडीचा क्लेम आला की जुनी फाईल निघते.

गाडी क्लेमचे पैसे मिळायच्या आधी सापडली तर ती मुद्देमाल असते, कोर्टात अर्ज करून सोडवावी लागते. मोडतोड झालेली असेल, टायर-बॅटरी गेलेली असेल, तर तो दुरुस्तीचा क्लेम होतो. त्यासाठी गाडी सोडवल्यावर लगेच गॅरेजला न नेता आधी कंपनीच्या नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला दाखवा. पैसे मिळाल्यावर सापडली तर ती कंपनीची. तेव्हा पोलिसांचा फोन आला की कंपनीला कळवा, स्वतः आणायला जाऊ नका.

आणि क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, फोनवरचं 'सर, होत नाही' चालत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, तिथे मुदत दोन वर्षं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. दुचाकीच्या क्लेमसाठी मी लोकांना आधी लोकपालाकडेच पाठवते. जाताना एफआयआर, पॉलिसीचं पहिलं पान, क्लेम नंबरचा एसएमएस आणि नकाराचं पत्र, याच्या दोन दोन झेरॉक्स न्या.