आलेख काढून वर्गसमीकरण कसे सोडवायचे

क्ष² − २क्ष − ५ = ० हे समीकरण घ्या. अवयव पडत नाहीत, पण आलेखावर दोन्ही मुळे दिसतात. य = क्ष² − २क्ष − ५ चा आलेख काढायचा आणि तो आडव्या अक्षाला जिथे छेदतो तिथल्या क्षच्या किमती वाचायच्या. त्या ठिकाणी य शून्य असतो, म्हणून त्याच किमती समीकरणाची मुळे.

सुरुवात शिरोबिंदूपासून, म्हणजे वक्र जिथे वळतो त्या बिंदूपासून करा. बहुतेक मुले −३ ते ३ असा ठरलेला तक्ता मांडतात आणि वक्राची एक बाजू अर्धवट राहते. क्षच्या सहगुणकाचे चिन्ह बदलून त्याला क्ष²च्या सहगुणकाच्या दुपटीने भागा: इथे २ ÷ २ = १. क्ष = १ ठेवल्यावर य = −६, म्हणजे शिरोबिंदू (१, −६). आता १ च्या दोन्ही बाजूंना तीन-तीन किमती घ्या:

क्ष: −२, −१, ०, १, २, ३, ४
य: ३, −२, −५, −६, −५, −२, ३

यच्या किमती शिरोबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्याच यायला हव्यात. जोडी जुळली नाही तर गुणाकार तपासा. चूक बहुतेक वेळा ऋण संख्येच्या वर्गात असते: (−२)² म्हणजे ४, −४ नव्हे.

आलेख कागदावर आडव्या अक्षावर २ सेमी = १ एकक, उभ्या अक्षावर १ सेमी = १ एकक असे प्रमाण घ्या. आडवा अक्ष मुद्दाम मोठा, कारण उत्तर तिथे वाचायचे आहे. १ मिमीचा बारीक चौकोन ०.०५ दाखवतो. बिंदू टोकदार पेन्सिलीने, पट्टी न लावता, एका हाताने सलग जोडा. पट्टीने (३, −२) आणि (४, ३) जोडले तर छेद ३.४ वर येतो, वक्र काढला तर ३.४५ च्या जवळ. दुसरे मूळ −१.४५. पडताळा घ्या: ३.४५ ठेवल्यावर य = ०.००२५. खरी मुळे १ ± √६ आहेत, त्यामुळे आलेखातून मिळते ते नेहमी अंदाजे उत्तर.

शिरोबिंदू पूर्णांकावर नसेल तर तो वेगळा काढून तक्त्यात घालाच. क्ष² − ३क्ष + १ मध्ये क्ष = १ आणि २ या दोन्हींना य = −१ येतो, आणि मुले तिथे तळ सपाट करून टाकतात. खरा तळ (१.५, −१.२५) वर आहे.

वक्र अक्षाला नुसता टेकला तर दोन्ही मुळे समान. छेदलाच नाही तर वास्तव मुळे नाहीत. हा निर्णय मात्र डोळ्यांवर सोडू नका. क्ष² − ४क्ष + ३.९ चा शिरोबिंदू (२, −०.१) आहे, म्हणजे वरच्या प्रमाणात अक्षाच्या खाली जेमतेम १ मिमी. जाड पेन्सिलीने तो टेकल्यासारखाच दिसतो, पण मुळे दोन आहेत: सुमारे १.६८ आणि २.३२. शिरोबिंदूचा य आकड्यांत काढा, चिन्ह बघा, मग बोला.

बरीच उदाहरणे सोडवायची असतील तर आणखी सोपी रीत आहे. य = क्ष² हा एकच अन्वस्त (वर्गसमीकरणाचा वाटीसारखा वक्र) नीट काढून ठेवा. समीकरण क्ष² = २क्ष + ५ असे लिहा आणि त्याच कागदावर य = २क्ष + ५ ही रेषा (०, ५) व (२, ९) मधून पट्टीने ओढा. रेषा आणि वक्र जिथे भेटतात तिथून सरळ खाली अक्षावर या: पुन्हा ३.४५ आणि −१.४५. पुढच्या उदाहरणाला फक्त नवी रेषा लागते. क्ष²चा सहगुणक १ नसेल तर आधी सगळ्या पदांना त्याने भागून घ्या.