‘रावे’च्या सत्रासाठी गावात जाताना : शाश्वत शेती शिकण्याचा अनुभव

कृषी पदवीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम असतो. महाविद्यालयात सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात आणि गावात गेल्यावर मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या म्हणून ओळखले जाते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील महाविद्यालयात मी शिकले आणि या सत्रातील गावचे आठवडे कपाशी, सोयाबीन व तुरीच्या पट्ट्यातील एका गावात काढले. माती परीक्षण, जैविक खते, एकात्मिक कीड व्यवस्थापन हे सारे त्याआधी तीन वर्षे शिकून झालेले असते. परंतु या गोष्टी एखाद्या कुटुंबाला नेमक्या कोणत्या आठवड्यात, किती मजुरीत आणि घरातील कोणाच्या कष्टावर जमतात, हे समजण्याची जागा संपूर्ण पदवीत हीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

कृषी पदवीत असा कार्यानुभव असावा, ही शिफारस १९९२ मध्ये रंधावा समितीने केली. पुढे कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात त्याला २० आठवड्यांचे स्वरूप मिळाले. त्यात एक आठवडा पूर्वतयारीचा, आठ आठवडे गावातील, पाच आठवडे कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्रातील, दोन पीक चिकित्सालयातील (जिथे पिकांच्या रोग-किडींचे निदान होते), तीन कृषी उद्योगातील आणि शेवटचा अहवाल व मूल्यमापनाचा असतो. अभ्यासक्रम बदलत असल्याने तुमच्या तुकडीची विभागणी महाविद्यालयाच्या परिपत्रकात पाहावी. पुढील लेखन त्यातील गावच्या आठ आठवड्यांविषयी आहे.

या आठवड्यांची मोठी अडचण वेळेची आहे. कोरडवाहू विदर्भात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी सुरू होते आणि सातवे सत्र सुरू होऊन विद्यार्थी गावात पोहोचेपर्यंत ती बहुतेक शेतांत आटोपलेली असते. बीजप्रक्रिया, म्हणजे पेरण्याआधी बियाण्याला बुरशीनाशक किंवा जिवाणू खत चोळणे, आणि माती नमुना ही दोन्ही प्रात्यक्षिके तर पेरणीपूर्वीची आहेत. खत घातलेल्या उभ्या पिकातून काढलेला नमुना शेतकऱ्याच्या फारसा उपयोगी पडत नाही, त्यामुळे प्रात्यक्षिक केवळ छायाचित्रापुरते उरण्याचा धोका असतो. म्हणून गाव आणि यजमान शेतकरी निश्चित होताच, शक्य असल्यास मे महिन्यात किंवा जूनच्या आरंभी, त्यांची भेट घ्यावी. त्या एका भेटीत शेतात नागमोडी चालत, बांध, उकिरडा आणि झाडाची सावली टाळून, इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खड्ड्यांतून साधारण २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घेता येते. ती एकत्र करून चतुर्थांश पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग काढून टाकत, अर्धा किलो उरवली, की नमुना वेळेत प्रयोगशाळेत जातो आणि त्याचा अहवाल हातात ठेवून पुढचे बोलणे करता येते.

त्याच भेटीत सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमतेची तपासणी लावून द्यावी. शेतकऱ्याचा विश्वास मिळवणारे यापेक्षा चांगले काम मला ठाऊक नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून, गुंडाळी करून सावलीत ठेवावी आणि आठवडाभरात चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी ७५ किलो बियाणे पुरते आणि बाजारातील पिशवीचा खर्च वाचतो. सोयाबीनचे आवरण पातळ असते, त्यामुळे पोती आपटू नयेत आणि जिवाणू संवर्धक चोळताना हात हलका ठेवावा. बीजप्रक्रियेचा क्रमही जपावा लागतो. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी आणि रायझोबियमसारखे जिवाणू संवर्धक, किलोला २५ ग्रॅम या प्रमाणात, सर्वांत शेवटी लावून बियाणे सावलीत सुकवावे. हा क्रम चुकला तर ज्या जिवाणूंनी मुळांवर गाठी तयार करायच्या, तेच मरतात.

गावाचे सर्वेक्षण हा बहुतेक गटांना कंटाळवाणा वाटणारा भाग आहे. मला तो सर्वांत मोलाचा वाटला. छापील प्रश्नावलीत जमीन, जनावरे, सिंचन आणि उत्पन्न यांचे रकाने असतात. त्यांच्या जोडीला आम्ही प्रत्येक घरी आणखी एक प्रश्न विचारत गेलो, तो असा की आजच्या स्वयंपाकातील कोणती गोष्ट स्वतःच्या शेतातून आली. अनेक घरांतून तुरीची डाळ वगळता फारसे उत्तर येत नसे. वयस्क काकू मात्र सांगत, की पूर्वी कपाशीच्या ओळींत तूर आणि ज्वारी असे, मूग-उडीद निघत, धुऱ्यावर अंबाडी असे आणि पावसाळ्यात तरोटा, तांदुळजा, कटुले या भाज्या विकत आणाव्या लागत नसत. सलग सोयाबीन आणि तणनाशक आले, निंदणाची मजुरी वाचली आणि त्यासोबत ताटातील हे पदार्थही कमी झाले. निंदण करणारी बाई आणि भाजी खुडणारी बाई एकच होती, हे लक्षात घेतल्याशिवाय कोणालाही ‘तणनाशक टाळा’ असा सल्ला देऊ नये. अन्न आणि शेती यांचा संबंध असा चुलीजवळ बसून समजतो, म्हणून कृषिदूतांनीही आपल्या भेटी पारावर आणि ग्रामपंचायतीत संपवू नयेत. प्रात्यक्षिक दुपारी चौकात ठेवले तर मजुरीला गेलेल्या स्त्रिया येऊच शकत नाहीत; ते सायंकाळी एखाद्या अंगणात ठेवावे.

पाच टक्के निंबोळी अर्काचे प्रात्यक्षिक प्रत्येक गट करतो. पाच किलो निंबोळीचा भरडा दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजवणे, सकाळी गाळणे, एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळणे आणि एकूण द्रावण १०० लिटर करणे, इतकी ही कृती आहे. मात्र अर्क किडीला जागीच मारत नाही. तो तिचे खाणे आणि अंडी घालणे रोखतो. हे आधी स्पष्ट सांगितले नाही, तर दुसऱ्या दिवशी जिवंत अळी पाहून शेतकरी कायमचा पाठ फिरवतो. अर्क त्याच दिवशी वापरावा, फवारणी उन्हे उतरल्यावर करावी आणि किडीचा प्रादुर्भाव सुरुवातीच्या अवस्थेत असतानाच करावी. निंबोळ्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवण्याचे श्रमही खर्चात धरावेत, कारण तेच न धरल्यामुळे ‘फुकटचा उपाय’ असा चुकीचा समज पसरतो.

कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावले जातात. विद्यार्थ्याचे खरे काम सापळे टांगल्यावर सुरू होते, कारण रोज सकाळी पतंग मोजून नोंद ठेवायला शेतकऱ्याला सवड नसते. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा अधिक पतंग आले, तर ती आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करण्याची वेळ, समजली जाते. शिवाय डोमकळ्या (अळीमुळे नीट न उमललेली, मिटलेली फुले) आणि हिरवी बोंडे तपासावी लागतात. आमच्या यजमान काकांना नोंदवहीतील आकडे दाखवले, तेव्हा शेजारी फवारतो म्हणून आपणही फवारायचे, हा आग्रह त्यांनी स्वतःहून सोडला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, हे ज्या भागाने सोसले आहे तेथे टळलेल्या प्रत्येक अनावश्यक फवारणीला मी फार मोठे मानते. फवारणी करणारा माणूस बहुधा मजूर असतो; हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांविषयी त्याच्याशी वेगळे बोलावे. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात पुढे ठेवणे, न घेण्याविषयी बोलताना ज्या शेतकऱ्याकडे पाणी आहे आणि ज्याला कापसाचा भाव मिळतो आहे, त्याला त्याऐवजी हरभरा घेण्याचा हिशेब मांडून दाखवावा, नुसती बोंडअळीची भीती घालू नये.

रोजनिशीत कार्यक्रमांची नावे लिहिण्यापेक्षा तारीख, पाऊस, मजूर आणि खर्च लिहावा. मौखिक परीक्षेत प्रश्न याच नोंदींवर विचारले गेले, तर उत्तर पाठ करावे लागत नाही. माती परीक्षणाचा अहवाल आणि सापळ्यांच्या नोंदींची प्रत यजमान कुटुंबाकडे राहील, याची व्यवस्था गाव सोडण्यापूर्वी करावी.

आठव्या सत्रात अनुभवाधारित शिक्षणाचा विषय निवडायचा असतो. सेंद्रिय उत्पादन, अळिंबी, मधमाशीपालन, जैविक खते व जैविक नियंत्रक असे पर्याय महाविद्यालयानुसार मिळतात. गावात बीजप्रक्रिया पोहोचवायची इच्छा असलेल्याने जैविक खतांचा विषय घ्यावा, असे मी सुचवेन. हे सत्र उन्हाळ्यात संपते. त्या वेळी प्रयोगशाळेत तयार झालेली रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीची पाकिटे पेरणीपूर्वी यजमान गावात नेता येतात आणि नव्या तुकडीची मे महिन्यातील पहिली भेटही त्याच फेरीत जुळवता येते.