कोंबडीच्या गर्भात दृष्टिपटलातल्या मरणाऱ्या पेशी कशा मोजाव्यात

डोळा घडताना दृष्टिपटलात गरजेपेक्षा जास्त पेशी तयार होतात आणि त्यांतल्या पुष्कळशा ठरल्या वेळी मरतात. कोंबडीच्या गर्भात अकराव्या दिवसाच्या सुमारास डोळ्याच्या मज्जातंतूत साधारण ४० लाख तंतू असतात, अठराव्या दिवसापर्यंत ते २४ लाखांवर येतात. ही घट स्लाइडवर पकडायची तर गर्भाचं वय नेमकं माहीत असावं लागतं. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत गाडी तिथेच अडते.

किराणा दुकानातली अंडी फलित नसतात, हॅचरीतूनच आणा. प्रवासात हादरलेली अंडी निमुळतं टोक खाली करून काही तास स्थिर ठेवा. साठवण १५ ते १८ अंशांवर, जास्तीत जास्त आठवडाभर. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ संथपणे आणि वेडावाकडा वाढू लागतो, आणि मे महिन्यात इथली खोली सहज ३२ अंशांवर जाते. दोन दिवस टेबलावर राहिलेली अंडी एकाच वेळी उबवायला ठेवली तरी त्यांतले गर्भ एका वयाचे राहत नाहीत. घरगुती फ्रिजचे ४ अंशही चालत नाहीत, त्या थंडीत गर्भ दगावतात.

उबवणी ३७.५ ते ३८ अंशांवर, सुमारे ६० टक्के आर्द्रतेत करा आणि अंडी दिवसातून तीनदा फिरवा. संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी आधीच घ्या. गर्भ काढल्यावर यंत्रातले तास मोजत बसू नका. बोटं, चोच, पापण्या पाहून हॅम्बर्गर-हॅमिल्टन टप्पा (बाहेरच्या खुणांवरून गर्भाची वाढ सांगणारा क्रमांक) ठरवा. दहाव्या दिवसाचा गर्भ ३६व्या टप्प्यावर हवा. टप्पा जुळला नाही तर तो गर्भ बाजूला काढा, सरासरीत घुसवू नका.

गर्भ बर्फासारख्या थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त खारट द्रावणात) घेऊन डोळा लगेच काढा. वेळ गेला की उशिरामुळे मेलेल्या पेशीही पुढच्या चाचणीत चमकतात. पारपटल कापून भिंग आणि आतला जेलीसारखा द्रव काढून टाका, नाहीतर स्थिरक, म्हणजे पेशी आहेत तशा टिकवणारं रसायन, आत पोहोचत नाही. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर २ ते ४ तास, मग १५ टक्के सुक्रोजमध्ये डोळा तळाला जाईपर्यंत, मग ३० टक्क्यांत रात्रभर. ओसीटीत (छेद घेण्यासाठी ऊतक गोठवायच्या जेलमध्ये) गोठवून १२ मायक्रॉनचे छेद घ्या. पावसाळ्यात फ्रीझरमधून काढलेला स्लाइडचा डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर स्लाइडवर पाणी साचतं आणि छेद सुटून येतात.

ट्यूनेल म्हणजे मरणाऱ्या पेशींतल्या तुटलेल्या डीएनएच्या टोकांना एन्झाइमनं चमकता रंग जोडणारी चाचणी. त्यासाठी ०.१ टक्के सोडियम सायट्रेटमधलं ०.१ टक्के ट्रायटन (पेशींचं आवरण सच्छिद्र करणारं रसायन), बर्फावर २ मिनिटं. धुऊन प्रत्येक छेदावर ५० मायक्रोलिटर ट्यूनेल मिश्रण घाला आणि ३७ अंशांवर ओल्या, अंधाऱ्या डब्यात तासभर ठेवा. कडेनं मिश्रण सुकलं की तिथे खोटी चमक येते. एका स्लाइडवर एन्झाइम घालू नका. दुसरीवर ट्यूनेलआधी १० मिनिटं डीएनएज १ (डीएनए तोडणारं एन्झाइम) ठेवा. पहिली काळी आणि दुसरी पूर्ण चमकती दिसली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवा. शेवटी डॅपी, म्हणजे सगळी केंद्रकं दाखवणारा रंग.

मोजताना गॅंग्लिऑन थरातले (ज्यांचे तंतू डोळ्याच्या मज्जातंतूत जातात त्या पेशींच्या थरातले) आकसलेले, गोल, तुटक ठिपके घ्या. कोंबडीच्या लाल पेशींना केंद्रक असतं आणि त्या स्वतःही चमकतात. दृष्टिपटलात रक्तवाहिन्या नसतात, पण पेक्टेन (पक्ष्यांच्या डोळ्यातली रक्तवाहिन्यांनी भरलेली घडी) आणि दृष्टिपटलामागच्या थरात असतात, तिथले ठिपके सोडा. विकास मध्यापासून कडेकडे सरकतो, म्हणून सगळ्या गर्भांत मज्जातंतूपासून तेवढ्याच अंतरावरचा भाग मोजा. वेगवेगळ्या अंड्यांतले किमान ३ गर्भ, प्रत्येकी ३ छेद.

आकडा लहान आला म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. मेलेली पेशी शेजारच्या पेशी काही तासांतच गिळून टाकतात, त्यामुळे दिसतात त्या फक्त त्या क्षणी मरणाऱ्या. तो आकडा म्हणजे एकूण मेलेल्या पेशींची संख्या नव्हे. शिवाय ट्यूनेल डीएनएचे तुकडे दाखवतं, मृत्यूचं कारण नाही. शेजारच्या छेदावर सक्रिय कॅस्पेज-३ची (ठरलेल्या पेशीमृत्यूत काम करणाऱ्या एन्झाइमची) प्रतिपिंडं लावा, पण ती कोंबडीत चालतात का हे मागवण्याआधी तपासून घ्या.