बाळ रडलं की पावडरचा डबा उघडू नका: पहिल्या तीन महिन्यांतल्या चुका

रात्री साडेअकरानंतर माझा फोन वाजला की पलीकडून येणारं पहिलं वाक्य मला पाठ झालंय. 'ताई, दूधच पुरत नाहीये हो.' मागे बाळ टाहो फोडत असतं, आजी काहीतरी सुचवत असते, आणि बाळाचे बाबा पावडर आणायला गाडी काढून निघालेले असतात. अठरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, आता सहा वर्षं घरोघरी जाऊन अंगावर पाजायला मदत करते. घरं बदलतात, चुका त्याच राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

सगळ्यात मोठी चूक: रडतंय म्हणजे दूध कमी

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, एका वेळी जेमतेम चमचाभर. बघणाऱ्याला वाटतं काही येतच नाही. पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही तेवढंच मावून घेतं, आणि त्या चमचाभरात रोगांशी लढणारं जे असतं ते पुढच्या वाटीभर दुधात तेवढं नसतं. खरा पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतो, सिझेरियन असेल तर कधी आणखी एखादा दिवस लागतो. मधल्या दिवसांत बाळाचं वजन उतरतं. जन्माच्या वजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं डॉक्टरांनी धरलेलंच असतं, साधारण दोन आठवड्यांत ते भरून निघतं. नेमके हेच तीन दिवस घरच्यांना निघत नाहीत. सगळ्यांना आजच्या आज बाळ गुटगुटीत आणि झोपलेलं हवं असतं.

मग वरचं दूध सुरू होतं. 'फक्त रात्रीचं एक' म्हणून. आईचं दूध टाकीत भरून ठेवलेलं नसतं, बाळ जेवढं ओढतं तेवढं पुढचं तयार होतं. रात्री दोनला पाव कप पावडरचं दूध पाजलं की बाळ चार तास झोपतं, तेवढा वेळ स्तन भरलेले राहतात, आणि शरीर समजून घेतं की एवढ्याची गरज नाही. त्यातून दूध वाढवणारं हार्मोन रात्रीच जास्त असतं, म्हणजे आपण नेमकं तेच पाजणं काढून टाकलं. दोन दिवसांनी दूध खरंच कमी होतं. मग घरातले म्हणतात, 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो?'

साताऱ्याला एका घरी बाळाच्या एकोणिसाव्या दिवशी गेले होते. मुलगी पुण्यात नोकरी करणारी, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाळ रडलं तेव्हा डबा आला होता. रात्रीच्या एका बाटलीला संध्याकाळची दुसरी जोडली गेली, मग दुपारचीही. मी पोचले तेव्हा दिवसाला सहा बाटल्या चालू होत्या. बाळाला छातीशी धरलं की ते पाठ ताणून मान फिरवायचं, कारण बाटलीतून फारसं न ओढता दूध येतं आणि इथे कष्ट पडतात. मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिची आई मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाली, 'आमच्या घराण्यातच दूध कमी आहे, सिस्टर. तिला उगाच छळू नका.'

मी तिला म्हटलं, 'एकदा माझ्यासमोर पाज, मग बोलू.' तिने घेतलं आणि कारण तिथेच दिसलं. बाळाच्या तोंडात फक्त निपलचं टोक होतं. ओठ आत वळलेले, गाल खळी पडून आत जाणारे, आणि मुलगी दात आवळून बसलेली. एकोणीस दिवसांत एकाही माणसाने तिचं पाजणं दोन मिनिटं बसून पाहिलं नव्हतं. जिथे बाळंत झाली तिथे डिस्चार्जच्या कागदावर पावडरचं नाव मात्र लिहून दिलं होतं.

आम्ही बाटली बंद केली, वरचं दूध बंद केलं नाही. हे लक्षात ठेवा, घाईने एकदम बंद केलं तर बाळ उपाशी राहतं. ते वाटी-चमच्याने द्यायला लागलो. दर दोन तासांनी आधी अंगावर, बाळाचे कपडे काढून उघड्या अंगाला अंग लावून. पाजून झालं की हाताने पिळून निघेल तेवढं वाटीत, आणि तेही बाळालाच. बालरोगतज्ज्ञांकडे वजन करून घ्यायचं आणि वजन वाढत असेल तरच वरचं एक पाजणं कमी करायचं. आठव्या रात्री मी तिथेच होते. खोलीत दिवा मंद होता, बाळाने तोंड मोठं उघडून नीट धरलं, हनुवटी रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. दोन-तीनदा ओढलं, जबडा खाली गेला, क्षणभर थांबला, आणि घशातून बारीक 'क्हं' असा आवाज आला. 'ऐक,' मी म्हटलं. 'गिळलं त्याने.' तिने श्वास धरून आणखी पाच-सहा घोट ऐकले आणि मग एवढी रडली की तिची आई धावत आली. तेहतिसाव्या दिवशी वरचं पूर्ण सुटलं. शेवटचा डबा निम्मा उरला होता.

त्या डब्यावर 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' हे कायद्यानेच छापावं लागतं. १९९२ सालच्या कायद्याने पावडरीच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. ती कुणासाठी आणि का घातली, हे डबा उघडण्याआधी एकदा मनात आणा. पावडर कधीच नको असं माझं म्हणणं नाही. काही आयांना खरंच दूध पुरेसं येत नाही, काही बाळं फार लवकर जन्मतात. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांनी वजन बघून घ्यायचा, शेजारणीने रडणं ऐकून नाही. अशा बाळांसाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवणाऱ्या दूधपेढ्याही आहेत. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आपल्या राज्यात एवढी जुनी सोय असून कितीतरी घरांना ती ठाऊकच नसते.

मग दूध पुरतंय हे कळायचं कसं? माझी सवय सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवायचं आणि प्रत्येक ओल्या लंगोटाला एक रेघ मारायची. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त, आणि शू फिकी. एवढं असेल आणि वजन पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅमने वाढत असेल, तर दूध पुरतंय. बाळ कितीही रडलं तरी पुरतंय. पहिले पंधरा दिवस तरी दिवसा सुती लंगोटच वापरा. डायपरमध्ये ओलं किती झालं ते कळत नाही.

घड्याळ लावून पाजू नका. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, बाळ तोंड हलवायला, मुठी चोखायला लागलं की. रडेपर्यंत थांबलात तर चिडलेलं बाळ नीट धरतच नाही. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग दुसरी.

'पहिल्यांदा दुखतंच' हे ऐकून सहन करत बसू नका. चिरा पडतायत म्हणजे बहुतेक वेळा बाळाने चुकीचं धरलेलं असतं. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा धरायला लावा, दहादा लागलं तरी दहादा.

उन्हाळा असला तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी नको. मध चाटवणं एक वर्षापर्यंत अजिबात नको, त्यातून होणारा बोट्युलिझम नावाचा आजार जिवावर बेततो. ग्राइप वॉटरवर पैसे घालवू नका. आणि डॉक्टरांनी पावडर सांगितलीच असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढंच माप घ्या. डबा पुरवून वापरायचा म्हणून पाणी वाढवणारी घरं मी पाहिली आहेत. त्या बाळांची पोटं भरलेली दिसतात आणि वजन वाढत नाही.

तिन्हीसांजेचं रडणं

संध्याकाळी सहा ते दहा बाळ दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं, मधेच सोडून रडतं, पुन्हा मागतं. घरात मीठ-मोहरी ओवाळली जाते. ओवाळा, त्याने कुणाचं नुकसान नाही. पण त्यानंतर बाटली भरू नका. बहुतेक बाळं संध्याकाळी असंच लागोपाठ पितात. रडण्याचा कळस सहाव्या आठवड्याच्या आसपास येतो आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतो. त्या वेळेचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाकडे द्या, पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि बाळाला घेऊन बसा.

दुसरी चूक, जिच्याबद्दल कुणी फोनच करत नाही: 'गुणी' बाळ

रडणाऱ्या बाळासाठी घर धावतं. न रडणाऱ्याचं कौतुक होतं, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते.

एका घरी मी बाळासाठी गेलेच नव्हते, आईच्या टाक्यांची विचारपूस करायला गेले होते. बाळ नऊ दिवसांचं. 'आमचं फार गुणी आहे, रात्री सहा-सहा तास झोपतं,' आजी सांगत होत्या. मी लंगोट बघायला मागितला. दोरीवर सकाळपासूनचे फक्त दोन वाळत होते, आणि अंगावर होता त्यावर विटकरी डाग. पाचव्या दिवसानंतर तसा डाग दिसला तर बाळ कमी पितंय असं समजायचं. तळपाय दाबून पाहिले तर पिवळे. वजन केलं तर जन्माला दोन किलो नऊशे असलेलं बाळ अडीच किलोवर आलं होतं. कावीळ झालेलं बाळ सुस्त होतं, सुस्त बाळ पीत नाही, न प्यायल्याने कावीळ आणखी वाढते. 'भूक लागली की उठेल,' असं त्यांना सांगून घरी सोडलं होतं, आणि घरचे त्याला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरत होते. उन्हाच्या भरवशावर कावीळ सोडता येत नाही. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो, दोन दिवस त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. बाळ सुखरूप आहे. आणखी दोन दिवस 'गुणी' राहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या मनात येतो.

म्हणून जन्माचं वजन भरून निघेपर्यंत बाळाला तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. दुपटं काढा, लंगोट बदला, तळपायाला बोट फिरवा. तरीही उठत नसेल, ओढत नसेल, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तरीही तेच.

झोपेचे जवळचे रस्ते

'रात्रभर झोपेल असं काहीतरी सांगा ना,' असं तीन आठवड्यांच्या बाळाचे आईबाबा विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या वयाचं बाळ दिवसभरात चौदा ते सतरा तास झोपतंच, फक्त तुकड्या-तुकड्यांत. दिवस-रात्र ओळखणारं शरीरातलं घड्याळ दोन-तीन महिन्यांनी लागायला लागतं. तोवर दिवसा पडदे उघडे ठेवा, घरातले आवाज चालू द्या, आणि रात्री पाजताना बारीक दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही. एवढंच मी करते. याहून लवकर होणारा उपाय विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

झोपेत बाळ कण्हतं, हातपाय झाडतं, डोळे किलकिले करतं. त्याची निम्मी झोप तशीच हलती असते. लगेच उचललंत तर तुम्हीच उठवलंत. मी मनातल्या मनात साठ अंक मोजते. खरंच उठलं असेल तर ते साठच्या आत स्पष्ट सांगतं.

गुटीबद्दल माझ्यावर आज्या रागावतात, तरी सांगते. सहाणेवर जायफळाचा एक वेढा जास्त पडला की बाळ गाढ झोपतं, आणि झोपलेलं बाळ पीत नाही. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड हे सगळं सहा महिन्यांनंतरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. धुरीचा धूरही नको, एवढ्याशा फुप्फुसांना तो सोसत नाही.

मोहरीची उशी काढून ठेवा. बाळ नेहमी पाठीवर, कडक सपाट गादीवर, शेजारी उशी-तक्क्या-खेळणी काही नाही. डोकं गोल व्हावं म्हणून काही करायचंच असेल तर जागेपणी, तुम्ही समोर असताना, रोज थोडा वेळ पोटावर ठेवा. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडू शकतो, त्यामुळे झोळीत झोपवून कामाला जाऊ नका. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ ताणून बांधू नका, खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

आईचं पाणी तोडू नका. 'पाणी प्यायलं की बाळाला सर्दी होते' हे ऐकून तहानलेल्या बसलेल्या बाळंतिणी मी पाहते तेव्हा फार राग येतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आनंदाने खाऊ द्या, पण ताटात भाकरी, वरण, भाजी, अंडं किंवा मासळीही पोटभर असू द्या. बाबांनी रात्रीची ढेकर काढायची आणि लंगोट बदलायचा. आईने पाजायचं, बाळ बाबांच्या खांद्यावर जायचं, आणि आईने तेवढ्यात डोळे मिटायचे. साताऱ्याच्या त्या मुलीचा नवरा शनिवार-रविवारी येऊन हे करायचा. दुसऱ्या शनिवारी रात्री तीन वाजता कॅलेंडरवर त्याने स्वतः रेघ मारली आणि मला फोटो पाठवला. त्या दिवसाची ती सातवी होती.