जुनं कार्ड, नवा बोर्ड: बसवण्याआधी एवढं बघून ठेव

भावा, कोल्हापुरात राजारामपुरीत जुनं ग्राफिक्स कार्ड बघायला जायच्या आधी नव्या मदरबोर्डाचं आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर लिहून घे. स्लॉटची काळजी करू नकोस. पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड जेन 5 च्या (पाचव्या पिढीच्या) स्लॉटातही बसतं, फक्त आपल्या जुन्या वेगानं चालतं. एजीपीचं (त्याआधीच्या जुन्या स्लॉटाचं) असलं तर विषयच संपला, ते शोकेसमध्ये ठेव.

खरी मेख बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये आहे. साधारण 2012 च्या आधीच्या बहुतेक कार्डांत यूईएफआयला (नव्या पद्धतीच्या बायोसला) चित्र दाखवायला लागणारा जीओपी नावाचा भाग नसतो. मग पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. माणूस रॅम काढून खोडरबरनं घासत बसतो. मी एक अख्खा रविवार असाच घालवलाय, मिसळ पण गार झाली. म्हणून कार्ड लावायच्या आधीच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीनं चालवायची सोय) सापडतंय का बघ. सापडलं तर व्हिडिओ लेगसीवर आणि स्टोरेज यूईएफआयवर ठेव, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही. बऱ्याच नव्या बोर्डांत सीएसएम नसतंच, तिथं जुन्या कार्डाचा नाद सोड. शिवाय सीएसएम चालू केलं की सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा) बंद पडतं, आणि विंडोज 11 वर व्हॅलोरंट गेम त्याशिवाय चालत नाही. घरातलं पोरगं तेच खेळत असेल तर आधी त्याला विचार.

आता बायोसमध्ये शिरायलाही चित्र लागतं. प्रोसेसर इंटेलचा एफवाला (नावाच्या शेवटी एफ असलेला) किंवा रायझन 5 5600 असला तर त्यात ग्राफिक्स नाही. मग मित्राचं चालू कार्ड एका संध्याकाळपुरतं मागून आण. हे विसरलास तर बाकीची सगळी तयारी वाया. त्याच बैठकीत स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन 3 वर कर, काही जुनी कार्डं ऑटोवर अडतात.

माझं विचारशील तर 2014 चं जीटीएक्स 750 टीआय बघ. 60 वॉटचं आहे, स्लॉटातून 75 वॉट मिळतात, त्यामुळं बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. जीटीएक्स 680 मोहात पाडेल, पण ते 195 वॉट खातं आणि त्याला 6 पिनच्या दोन वायरी लागतात. एसएमपीएसला (वीज देणाऱ्या डब्याला) तेवढ्या आहेत का मोजून जा.

कार्ड हातात आलं की सोनेरी पट्टी, स्क्रू आणि पंख्याखालची जागा टॉर्च मारून बघ. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी दुकानांत, घरांत शिरलं होतं. गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर फुकट दिलं तरी नको. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घे; एनव्हिडियाच्या 600 आणि 700 मालिकेतल्या केप्लर (चिपच्या पिढीचं नाव) कार्डांसाठी 470 मालिकेतला शेवटचा ड्रायव्हर शोध. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर कार्डावरच्या जुन्या डीव्हीआय जोडणीसाठी कन्व्हर्टर पिशवीत टाक, आणि दुकानात कार्ड चालू करून दाखवल्याशिवाय पैसे काढू नकोस.