आरोपी, दोषी, कैदी : कोणता शब्द कुठे लिहावा

बातमी, अर्ज किंवा निकालाचा गोषवारा लिहायला घेताना आधी एक गोष्ट टिपून ठेवा : खटला आज कोणत्या टप्प्यावर आहे. शब्द त्यावरूनच ठरतो. आरोपी, दोषी, अपराधी, गुन्हेगार, कैदी हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी सापडतात, पण एकाच्या जागी दुसरा बसवला की ज्याच्यावर अजून काहीच शाबीत झालेले नाही असा माणूस आपल्या वाक्यात गुन्हेगार होऊन बसतो.

माणसाला काय म्हणायचे

पोलिसांना नुसता संशय आहे आणि चौकशी चालू आहे, तोवर ‘संशयित’. गुन्हा दाखल होऊन त्यात नाव आले की ‘आरोपी’. पुढे दोषारोपपत्र दाखल होते, न्यायालय आरोप निश्चित करते, साक्षीपुरावे होतात, तरी निकाल लागेपर्यंत तो आरोपीच. गुन्हा शाबीत झाल्याचे न्यायालयाने जाहीर केले की ‘दोषी’. ‘संशयित आरोपी’ हा जोडशब्द वर्तमानपत्रांत सर्रास दिसतो. त्यातला एक शब्द काढून टाका.

एक नेहमीचे वाक्य पाहा : ‘दुकान फोडणाऱ्या चोरट्याला अटक, न्यायालयाने सुनावली चार दिवसांची कैद.’ यात दोन चुका आहेत. अटकेच्या दिवशी चोरी शाबीत झालेली नसते, आणि चार दिवस मिळाले ती कोठडी, कैद नव्हे. दुरुस्त वाक्य असे : ‘दुकान फोडल्याच्या आरोपावरून एकाला अटक, चार दिवसांची पोलीस कोठडी.’ मजकुरातही ‘आरोपीने गल्ला फोडला’ असे न लिहिता ‘आरोपीने गल्ला फोडला, असे फिर्यादीत म्हटले आहे’ असे लिहा. वाक्य थोडे लांबते, ते लांबू द्या.

‘गुन्हेगार’ हा शब्द दोषसिद्धीनंतरच वापरा. ‘सराईत’, ‘अट्टल’ ही विशेषणे पोलिसांकडून येतात. छापायचीच असतील तर ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे सोबत हवे. ‘अपराधी’ हा शब्द कायद्यापेक्षा मनाच्या जास्त जवळचा आहे. मराठीत माणसाला ‘अपराधी वाटते’, मनात ‘अपराधीपणाची भावना’ असते. ‘मला दोषी वाटते’ हे भाषांतरातून आलेले वाक्य आहे आणि ते कानाला लगेच खटकते.

अटक, कोठडी, कैद

अटक म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेणे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. ‘पोलीस कोठडी’ म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्यानुसार, ही कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही, मात्र हे दिवस तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. काही विशेष कायद्यांत मुदत वेगळी असते. ‘न्यायालयीन कोठडी’ म्हणजे आरोपी कारागृहात, न्यायालयाच्या हुकमाखाली. भिंती त्याच असल्या तरी ही शिक्षा नसते, म्हणून इथे ‘तुरुंगवासाची शिक्षा’ लिहू नका. ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’ हा रुळलेला प्रयोग बरोबर आहे.

गुन्हा शाबीत न होता, प्रतिबंधक कायद्याखाली डांबले असेल तर शब्द ‘स्थानबद्ध’. घरातच ठेवले तर ‘नजरकैद’. जिल्ह्याबाहेर घालवले तर ‘तडीपार’. त्यात कोंडणे नाही, त्यामुळे तडीपाराला कैदी म्हणता येत नाही.

शिक्षा लिहिताना

दोषी ठरवणे आणि शिक्षा सुनावणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सत्र न्यायालयात दोषी ठरवल्यावर शिक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतात, कधी त्याच दिवशी, कधी पुढच्या तारखेला. मधल्या काळातल्या बातमीत ‘दोषी ठरवले’ एवढेच लिहा.

कारावास दोन प्रकारचा : सश्रम आणि साधा. बोलण्यात आणि निकालाच्या बातमीत ‘सक्तमजुरी’ आणि ‘साधी कैद’. नुसते ‘पाच वर्षे कैद’ लिहिले तर काम करावे लागणार की नाही हे कळत नाही. दंड असेल तर रक्कम आणि ‘न भरल्यास आणखी अमुक महिने’ ही मुदतही द्या. एकाहून जास्त कलमांत शिक्षा असेल तर निकालाचा शेवट नीट वाचा. तीन कलमांत प्रत्येकी पाच वर्षे आणि ‘शिक्षा एकत्र भोगायच्या’ असे असेल तर एकूण पाच वर्षे. एकापाठोपाठ असेल तर पंधरा. बेरीज करून ठोकून दिलेले मथळे इथेच चुकतात.

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज पक्का रुजलेला आहे, पण तो चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य. चौदाचा आकडा येतो तो वेगळ्या तरतुदीतून : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर शिक्षेत सूट द्यायची झाली तरी किमान १४ वर्षे आत काढावीच लागतात. त्यानंतर सुटका आपोआप होत नाही. ‘काळे पाणी’ हा जन्मठेपेचा प्रतिशब्द म्हणून आता वापरू नका. हद्दपारीची ती शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेली.

आत असलेला माणूस

कारागृहाच्या कागदावर ‘कैदी’ क्वचितच असतो, तिथे ‘बंदी’ असतो : खटला चालू असलेला ‘न्यायाधीन बंदी’, शिक्षा झालेला ‘सिद्धदोष बंदी’. बोलीत हेच कच्चा कैदी आणि पक्का कैदी. अर्जात सरकारी शब्द घाला. बातमीत मात्र ‘बंदी’ घोटाळा करतो, कारण मनाईलाही बंदीच म्हणतात. ‘कारागृहात महिला बंदी’ हा मथळा वाचून महिलांना आत जायला मनाई झाली असेच वाटते. तिथे ‘महिला कैदी’ लिहा, किंवा अनेकवचनी रूप वापरा : ‘बंद्यांना’ म्हटले की संशय उरत नाही.

बाहेर येण्याचे शब्द

जामिनावर ‘सुटका’ होते, ‘मुक्तता’ लिहू नका. खटला पूर्ण चालून गुन्हा शाबीत झाला नाही तर ‘निर्दोष मुक्तता’. आरोप निश्चित होण्याआधीच न्यायालयाने वगळले तर ‘दोषमुक्त’. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्हींत शिक्षा कायम असते, म्हणून ‘पॅरोलवर मुक्त’ हे चूक. ‘माफीचा साक्षीदार’ हा सहआरोपी असतो, खरे सांगण्याच्या अटीवर माफी मिळालेला. त्याला नुसता ‘साक्षीदार’ म्हटले तर वाचकापासून मोठी गोष्ट लपते.

चटकदार शब्दांबद्दल

मुसक्या आवळल्या, बेड्या ठोकल्या, चतुर्भुज केले, गजाआड, जेरबंद. यांतला ‘जेरबंद’ मुळात घोड्याच्या सामानातला पट्टा, डोके वर उसळू नये म्हणून छातीखालून घ्यायचा. पकडलेल्या बिबट्याला तो शब्द शोभतो. माणसाबाबत, आणि तेही नुसती अटक झाली असताना, हे सगळे शब्द निकाल आधीच सांगून टाकतात. ‘अटक केली’ या दोन शब्दांत बातमी पूर्ण होते.