कॉलेज बास्केटबॉलचा सीझन समजून घेताना या चुका टाळा

16 मार्च 2018 च्या रात्री शार्लटमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा पुरुष संघ यूएमबीसी (मेरीलँडमधलं एक विद्यापीठ) संघाकडून 74-54 असा हरला. तोवर पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत (अमेरिकेतल्या कॉलेज संघांची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा) पहिल्या मानांकनाचे, म्हणजे सर्वांत बलाढ्य, संघ 16 व्या, म्हणजे सर्वांत खालच्या, मानांकनाच्या संघांशी 135 वेळा भिडले होते आणि प्रत्येक वेळी जिंकले होते. दुसऱ्या दिवसापासून सूर एकच: व्हर्जिनियाचा संघ वरवरचाच होता, बचावावर जोर देणारा असा संथ खेळ मार्चमधल्या या स्पर्धेत चालत नाही. पुढच्याच वर्षी तेच प्रशिक्षक टोनी बेनेट आणि बरेचसे तेच मुख्य खेळाडू राष्ट्रीय विजेते झाले. अमेरिकेत शिकणारी आपली मुलं हल्ली कॉलेजच्या संघात जीव गुंतवतात आणि इकडे घरचेही स्कोअर बघत बसतात. या दोन सीझनबद्दल लोकांचे अंदाज जिथे चुकले, तिथेच त्यांचेही चुकतात.

नुसते गुण पाहू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 2017-18 मध्ये व्हर्जिनियाने प्रतिस्पर्ध्यांना सामन्यामागे सरासरी 54 च्या आसपास गुण दिले. वा, काय बचाव! बचाव भक्कम होताच, पण हा संघ देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी एक होता. चेंडू त्यांच्याकडे सामन्यात साठेक वेळाच यायचा, म्हणून समोरच्यालाही तेवढ्याच संधी. आक्रमण साधारण आहे असं वाटायचं तेही याचमुळे. प्रत्येक संधीमागे किती गुण, हे मोजायला हवं. बॉक्स स्कोअरमधून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यातून) ते घरबसल्या काढता येतं: बास्केटसाठी केलेल्या प्रयत्नांतून आक्रमणातले रिबाउंड (हुकलेला चेंडू पुन्हा आपणच मिळवणं) वजा करा, गमावलेले चेंडू मिळवा, आणि एकूण फ्री थ्रोंच्या (फाउलमुळे मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या) 0.475 पट मिळवा. जो आकडा येतो त्या साधारण संधी. समजा एका संघाने 58 संधींत 62 गुण केले आणि दुसऱ्याने 72 संधींत 75. दुसरा संघ जास्त चमकदार वाटतो, पण पहिल्याचे दर संधीला 1.07 गुण होतात, दुसऱ्याचे 1.04. तुमच्या संघाच्या दोन-तीन सामन्यांवर हे करून पाहा, मत बदलेल.

एका रात्रीवरून अख्खा सीझन मोजू नका. यूएमबीसीविरुद्ध मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती. मग उत्तरार्धात काय झालं? यूएमबीसीने सामन्यात 24 पैकी 12 थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) घातले, व्हर्जिनियाने 22 पैकी 4. म्हणजे निव्वळ तिथेच 36 विरुद्ध 12, फरक 24 गुणांचा. सामना गेला 20 ने. त्यात व्हर्जिनियाचा डिअँड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. यूएमबीसीचं श्रेय यातून अजिबात कमी होत नाही, त्यांच्या जायरस लायल्सचे 28 गुण कोणी दान दिले नव्हते. पण त्या आधीचं काय? 31 विजय, फक्त दोन पराभव, एसीसी या त्यांच्या परिषदेत (विद्यापीठांच्या गटात) 17-1 आणि परिषदेची स्पर्धाही खिशात. चाळीस मिनिटांत हे सगळं खोटं ठरत नाही. एक हरला की घरी, अशा बाद फेरीत ज्या दिवशी बाहेरून नेम लागत नाही त्या दिवशी भलाभला संघ गारद होतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. 2019 चं विजेतेपद म्हणजे निव्वळ पराक्रम, असंही मानू नये. पर्ड्यूविरुद्ध व्हर्जिनियाच्या किहेई क्लार्कच्या लांब पासवर ममादी दियाकितेने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, तेव्हा सामना जादा वेळेत गेला. ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद उरले असताना काइल गायने तिन्ही फ्री थ्रो घातले आणि 63-62 असा निकाल लागला. अंतिम सामन्यात टेक्सास टेकविरुद्ध हंटरच्या थ्री-पॉइंटरने 68-68 झालं, मग जादा वेळेत 85-77. हे तीन चेंडू इकडे-तिकडे झाले असते, तरी तो संघ तितकाच चांगला राहिला असता. माझं ठाम मत आहे की दोन्ही वर्षांचा संघ जवळपास सारख्याच ताकदीचा होता.

मानांकन आणि क्रमवारी यांची गल्लत करू नका. एपी या वृत्तसंस्थेची क्रमवारी पत्रकारांच्या मतांवर ठरते. स्पर्धेतलं मानांकन निवड समिती देते, आणि चार विभाग असल्यामुळे पहिल्या मानांकनाचे संघही चार असतात. समिती विजय कुठे मिळवला हेही बघते: पहिल्या प्रतीचा विजय म्हणजे एनसीएएच्या स्वतःच्या आकडेवारीवरच्या क्रमवारीत घरी पहिल्या 30 मधल्या, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 मधल्या किंवा बाहेर पहिल्या 75 मधल्या संघावरचा. म्हणून "आमचे 22 विजय, त्यांचे 20, तरी ते स्पर्धेत आत आणि आम्ही बाहेर कसे?" हा प्रश्न बहुतेक वेळा गैरलागू असतो.

एनबीएची (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची) फूटपट्टी लावू नका. कॉलेजमध्ये पुरुषांचे सामने 20 मिनिटांच्या दोन सत्रांत होतात, शॉट क्लॉक (बास्केटचा प्रयत्न करायला मिळणारा वेळ) 30 सेकंदांचं आणि पाच फाउलवर खेळाडू बाहेर. थ्री-पॉइंटची रेषाही 2019-20 पासून मागे सरकली: 20 फूट 9 इंचांवरून 22 फूट पावणेदोन इंचांवर. त्या आधीच्या आणि नंतरच्या नेमबाजीची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं.

तारखेचं लक्षात ठेवा. सीझन नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतो, म्हणून "2019 चे विजेते" 2018-19 च्या सीझनचे. शिवाय तो अंतिम सामना मिनियापोलिसला सोमवारी 8 एप्रिलच्या रात्री झाला, तेव्हा आपल्याकडे मंगळवारची सकाळ होती. रेकॉर्डिंग लावताना हमखास दिवस चुकतो.

गेल्या वर्षीचा संघ यंदाही तसाच असेल, हे गृहीत धरू नका. विजेतेपदानंतर हंटर, टाय जेरोम आणि गाय तिघेही एनबीएच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडले गेले. पुढच्या सीझनला व्हर्जिनियाने 23-7 अशी कामगिरी केली. मुख्य तिघे गेल्यावर ती मला उत्तमच वाटते. विजेतेपद राखायची संधी मात्र मिळालीच नाही, कारण मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे स्पर्धाच रद्द झाली.